अ, ब आणि विहिरीची वाट

कायद्याचं पहिलं वर्ष मी पुरं केलं, ही बातमी मी एकूण अकरा जणांना दिली. अकरापैकी एकानेही अभिनंदन केलं नाही. सगळ्यांनी 'आता ह्या वयात कशाला?' असं विचारलं. बावन्नाव्या वर्षी माणसाने गुडघा बदलून घेतला तर लोक शहाळी घेऊन भेटायला येतात. तो शिकायला लागला तर त्याच्या बायकोकडे सहानुभूतीने बघतात.

वर्ष कसं पुरं केलं ते मात्र मी कोणाला सांगितलं नाही. सकाळी साडेसातला कॉलेज, पावणेदहाला कचेरी, आणि वर्गात माझ्याहून तीस वर्षांनी लहान मुलं. मृणाली नावाची एक मुलगी शेजारच्या बाकावर बसायची. आगाशे सरांनी मला काही विचारलं की ती वहीच्या कोपऱ्यात उत्तर लिहून वही माझ्याकडे सरकवायची. "घ्या काका, सावकाश वाचा." एवढ्यावर भागलं असतं. पण ती माझ्यासाठी अक्षरं मोठी काढायची. त्या मोठ्या अक्षरांनी माझा घात केला. मी ठरवलं, दुसऱ्या वर्षाला मालमत्ता कायदा आहे, तो मे महिन्याच्या सुट्टीत आधीच वाचून काढायचा.

"मे महिन्यात?" माझी बायको हेमा म्हणाली. "रत्नागिरीत? अभ्यास?"

तिचं बरोबर होतं. मे महिन्यात रत्नागिरीत माणूस फक्त पाहुणे आणि आंबे सांभाळू शकतो. आमच्याकडे डोंबिवलीहून हेमाची बहीण सहकुटुंब नऊ दिवसांसाठी आली होती. पलंगाखाली आंब्यांची अढी होती, पलंगावर साडू. मी नऊशे बारा पानांचं पुस्तक आणलं. पहिल्या दिवशी ते गच्चीवर सापडलं. वाळत घातलेल्या आंबापोळीवरचं फडकं उडू नये म्हणून त्याची नेमणूक झाली होती. दुसऱ्या दिवशी मी ते उघडलं तेव्हा मुंग्या माझ्या आधी तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोहोचल्या होत्या.

शेवटच्या तासाला आगाशे सरांनी एक युक्ती सांगितली होती. "कायद्यातली उदाहरणं अ आणि ब यांची असतात," ते म्हणाले होते. "अ ने ब ला घर विकलं, ब ने अ ची वाट अडवली. अ आणि ब डोक्यात राहत नाहीत. अ च्या जागी स्वतःला घाला, ब च्या जागी ओळखीचं माणूस. जमीन आपल्या गावची घ्या. आयुष्यात विसरणार नाही." सर मोठे वकील आहेत, सकाळी शिकवतात, दिवसा कोर्टात असतात. वर्गातल्या इतरांनी तेव्हा मोबाइल बाहेर काढला. मी वही काढली. ह्या सगळ्या प्रकरणात माझा गुन्हा एवढाच, की मी शिक्षकाचं ऐकलं.

ओळखीचं माणूस म्हणून मी धोंडूदादाला घेतलं.

धोंडूदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. पूर्णगडच्या अलीकडे आमची वाडी आहे. आमच्या वडिलांच्या वेळीच वाटण्या झाल्या, रीतसर, कागदावर. घर आणि खालचा तुकडा दादाकडे, वरचा तुकडा आमच्याकडे. विहीर वरच्या तुकड्यात. त्यामुळे दादाच्या घरचं पाणी आमच्या जमिनीतून जातं, एका पाऊलवाटेने. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतरची तीन वर्षं धोंडूदादा महिन्याच्या महिन्याला एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती तांदळाचं गाठोडं रत्नागिरीला पाठवायचा, आणि म्हणून मी पदवीधर आहे. कचेरीत मला 'भाऊसाहेब' म्हणतात, कॉलेजात 'काका'. 'विठू' म्हणणारा आता एकटा तोच उरलाय. निवृत्त झालो की विहिरीच्या बाजूला दोन खोल्या बांधायच्या आणि उरलेलं आयुष्य कोणीतरी आपल्याला विठू म्हणताना ऐकायचं, असा माझा बेत होता. बेत माझ्याकडे हा एवढा एकच होता.

आमच्या शेजारी गंगारामभाऊ राहतात. ते निवृत्त बेलीफ. आयुष्यभर लोकांच्या दारांवर समन्स चिकटवले, त्यामुळे कायदा त्यांना आतून नाही तरी बाहेरून पूर्ण माहीत आहे. मी जिन्यात बसून वाचतोय असं पाहून (घरात जागा नव्हती) ते दोन पायऱ्या वर येऊन बसले.

"काय वाचताय?"

"सुविधाधिकार. म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा-यायचा हक्क."

"पुस्तकात काय मिळणार हो? कायदा सातबाऱ्यात असतो. आधी सातबारा काढा. दोन्हीकडचा. तुमचाही, त्यांचाही. जुने फेरफारसुद्धा. मग पुस्तक उघडा."

मला ते पटलं. इथे बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. आमच्या भागात स्वतःचा सातबारा काढणं म्हणजे कर्जाची किंवा विक्रीची तयारी. भावाचा सातबारा काढणं म्हणजे युद्धाची. तिसरा अर्थ आजवर कोणी काढलेला नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी विद्यार्थी होतो, आणि विद्यार्थी निष्पाप असतो अशी माझी समजूत होती.

सातबारे मोबाइलवर मिळाले, म्हणजे चौथ्या दिवशी मिळाले. पण जुन्या फेरफारासाठी तलाठ्याकडे जावं लागलं. तलाठ्याच्या पदाचं नाव मध्यंतरी बदलून मोठं झालं आहे. दारावरचं कुलूप पूर्वीचंच आहे. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले.

"कशासाठी हवेत?"

"अभ्यासासाठी."

त्यांनी चष्मा काढला. "कसल्या?"

"कायद्याच्या. पुढच्या वर्षीचा अभ्यास आधी करतोय."

"धोंडूशेठना माहीत आहे?"

"सांगायचं काय त्यात? अभ्यास आहे."

"नाही, मागायला हरकत नाही," ते नम्रपणे म्हणाले. "फक्त इतकी वर्षं नोकरी केली, सगळे खरं कारण सांगतात. अभ्यास म्हणणारे तुम्ही पहिलेच."

मागे बाकावर वाडीतली चार माणसं बसली होती. ती माझ्याकडे अशी बघत होती, की आपण काहीतरी मोठं चोरलं असावं असं मलाच वाटू लागलं.

रविवारी टेप घेऊन मी वाडीवर गेलो. नकाशा काढायचा होता. धोंडूदादा घरापुढच्या खळ्यात बसून काजूच्या बिया निवडत होता.

"काय रे विठू, टेप कशाला?"

"वाट मोजायचीय दादा. अभ्यासाला."

"मोज की मंग. एकट्याला कशी मोजता येल? आन हिकडं, टोक धरतो."

आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस टेपचं टोक धरून, कमरेला हात लावत, विहिरीपर्यंत माझ्या पुढे चालला. आपलीच वाट मोजून देत. मध्येच वाकून त्याने पायाने पाला बाजूला केला, मला आकडा नीट दिसावा म्हणून.

"दादा, किती वर्षं तुम्ही इथून पाण्याला येता?"

"माझी आई लगीन होऊन आली तवापासनं. सत्तर वर्सं धर."

"मध्ये कधी खंड?"

"पान्यात खंड? तहान काय सुट्टीवर जाते?"

"आणि परवानगी कोणाची घेतली होती?"

तो हसला. "पान्याला जायला परवानगी? तुझा बापूस तर माझ्या आईला कळशी उचलून द्यायचा."

मी लिहून घेतलं: 'परवानगी नाही.' कायद्यात हा मुद्दा वाट वापरणाऱ्याच्या बाजूचा असतो. परवानगीशिवाय, उघडपणे, बिनतक्रार, वीस वर्षं वापरली तर वाट त्याच्या हक्काची होते. माझ्या मनात हेच होतं. वहीत मात्र फक्त 'परवानगी नाही' एवढंच आलं, आणि खाली मी दुहेरी रेघ मारली.

मग मी त्यांच्याच ओट्यावर बसून नमुना प्रश्न सोडवायला घेतला. 'अ ला ब ची वाट अडवता येईल काय?' सरांच्या युक्तीप्रमाणे मी लिहिलं: 'विठूला धोंडूची वाट अडवता येईल काय? उत्तर: होय. विठू हा जमिनीचा निर्विवाद मालक आहे. धोंडूने परवानगी घेतलेली नाही. विठूला तेथे कुंपण घालण्याचा अधिकार आहे.' परीक्षेत आधी मालकाची बाजू मांडायची, मग खोडायची, अशी पद्धत आहे. खोडण्यासाठी मी पुढच्या ओळीवर 'मात्र' असं लिहिलं, स्वल्पविराम दिला, आणि आतून मालनवहिनींची हाक आली.

"भावोजी, उठा आता. सुरमई निवते."

मी वही तशीच उघडी टाकून उठलो. सुरमईच्या दोन तुकड्या झाल्या, तिसरी वहिनींनी नको म्हणताना वाढली. जेवण होईपर्यंत दादाचा मुलगा संदेश (मुंबईला नोकरीला असतो, मे महिन्यात चार दिवस आला होता) ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता. जाताना दादाने आंब्यांची पेटी स्वतः माझ्या गाडीला बांधली आणि दोरी ओढून बघितली.

रत्नागिरीत पोहोचेपर्यंत माझं उत्तर वाडीच्या ग्रुपवर पोहोचलं होतं. फोटो छान आला होता. 'मात्र'च्या वर कापला होता. खाली संदेशने लिहिलं होतं, 'आमच्या ताटात जेवून आमच्याच ओट्यावर लिहिलेलं.' तलाठ्याच्या बाकावरच्या चौघांपैकी एकाने सातबाऱ्याची माहिती जोडली. कांदिवलीच्या एका पुतण्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कोणासाठी होतं हे मला अजून कळलेलं नाही.

मी दादाला फोन केला. वाजत राहिला. मग मी चूक केली. म्हणजे आधीच्या चुका सोडून आणखी एक. मी उत्तराचा उरलेला भाग रात्रीत लिहून सकाळी ग्रुपवर टाकला. चांगला नऊ परिच्छेदांचा, कलमांसकट, धोंडूचा हक्क कसा अबाधित आहे हे सिद्ध करणारा. संदेशने एका ओळीत उत्तर दिलं, 'वकिलाने सल्ला बदललेला दिसतो.'

"तुम्ही 'चुकलो' एवढंच लिहायचं होतं," हेमा म्हणाली.

"पण मी चुकलो नव्हतो."

"म्हणूनच तर सोपं होतं."

जूनच्या पहिल्या आठवड्यात पोस्टमनने रजिस्टर पत्र आणलं. दादाच्या वतीने वकिलाची नोटीस. वरती छापलेलं नाव वाचून मी खुर्चीत बसलो. आगाशे सर. पुढच्या वर्षीचा पहिला तास मला असा घरपोच, पोचपावतीसह मिळाला. आठ परिच्छेद होते. मालकी, विहीर, वाट, लांबी (मी मोजलेली, इंचासकट). पाचवा परिच्छेद असा होता: 'आमचे अशील यांनी आपणांस आपल्या वडिलांच्या पश्चात धाकट्या भावाप्रमाणे सांभाळले असून तीन वर्षे दरमहा तांदूळ पाठविला आहे.'

कॉलेजला अजून सुट्टी होती, म्हणून मी सरांना कोर्टाच्या आवारात गाठलं. "सर, मला वाट अडवायचीच नाहीये. तो नमुना प्रश्न होता. तुम्हीच सांगितलं होतं."

"हो का? मग तसं लेखी द्या," सर प्रेमाने म्हणाले. "तोंडी मी आता ऐकू शकत नाही, समोरची पार्टी आहात. आणि उत्तर पाहिलं हं तुमचं. मालकाची बाजू उत्तम मांडलीत. दुसरी बाजू का सोडलीत? निम्मे गुण तिथेच गेले."

लेखी द्यायचं तर नमुना हवा. नमुना गंगारामभाऊंकडे होता. त्यांनी अख्खी दुपार खर्चून उत्तर तयार केलं. शेवटचं वाक्य अगदी माझ्या मनासारखं होतं: 'वाट अडविण्याचा आमचा इरादा नव्हता व नाही.' पण त्याच्या वर होतं, 'नोटिशीतील परिच्छेद १ ते ८ मधील संपूर्ण मजकूर खोटा व खोडसाळ असून आम्हांस मान्य व कबूल नाही.'

"गंगारामभाऊ, हे सगळंच कसं खोटं? ते पाच नंबरचं—"

"जे नाकारलं नाही ते कबूल केलं असं धरतात. एक परिच्छेद सोडलात की उरलेले सात गळ्यात येतात. नाकारायचं सरसकट. वाचायचंसुद्धा नाही." मग ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही कायदा शिकता ना?"

मी न वाचता सही केली, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. हेमालाही तेच सांगितलं. ते खरं नाही. 'परिच्छेद १ ते ८' हे मी वाचलं होतं, आणि त्यात पाच नंबर येतो हेही मला कळत होतं. पेन तिथे क्षणभर थांबलंही होतं. पण 'शिकता ना?' असं कोणी विचारलं की मला वहीच्या कोपऱ्यातली ती मोठी अक्षरं दिसतात. मला एकदा तरी, एका माणसासमोर, कायदा समजणारा माणूस व्हायचं होतं. तो माणूस निवृत्त बेलीफ निघाला, हा माझ्या नशिबाचा भाग. मी सही केली आणि पत्र रजिस्टरने पाठवून दिलं.

पंधरा दिवस काही आलं नाही. 'बघा, गार पडले,' गंगारामभाऊ म्हणाले. मी खूश होऊन एका रविवारी वाडीवर गेलो.

खळ्याच्या कडेला जमीन चिखलाने लाल झाली होती आणि मधोमध निळा पाइप उभा होता. बोअर मारली होती. दादा ओट्यावर होता. त्याने मला बसायला सांगितलं, खुर्ची दिली. त्या ओट्यावर मी आजवर खुर्चीत बसलो नव्हतो. मग आत जाऊन त्याने माझंच पत्र आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"पाच नंबरचा वाच जरा. माझा चष्मा फुटलाय."

"दादा, तिथे पाच नंबर वेगळा नाहीये. एक ते आठ एकत्र आहेत."

"मंग त्यात तांदूळ आला ना?"

मी पत्राची घडी घातली.

"तांदळाचा मी सांगितला नव्हता वकिलाला," तो म्हणाला. "संदेशने सांगितलान. मी बोललो, ता लिवू नका, बरा नाय दिसत. खाल्लेला कोन काडतो? तर वकीलच बोलले, र्‍हाऊ द्या, भाऊ हाय, वाचून विरघळंल. मी पन बोललो, विरघळंल." त्याने पाइपाकडे बघितलं. "आनि तू लिवलंस, खोटा."

"दादा, ती कोर्टाची भाषा असते. सगळ्याच पत्रांत तसंच लिहितात. तो फक्त नमुना आहे."

"आसंल. सही पन नमुन्याची हाय काय?"

हे वाक्य नऊशे बारा पानांत कुठेही नाही. मी तरी अजून तिथवर आलेलो नाही. मी म्हणालो, "दादा, बोअर कशाला मारलीस? विहीर होती की. मी शेवटी लिहिलंय त्यात, वाट अडवणार नाही म्हणून."

"लिवलंस ना," तो शांतपणे म्हणाला. "आता लिवून दिल्यावर जायाचा कसा तिथनं? सत्तर वर्सं कुनी लिवून दिला नव्हता म्हनून जात होतो."

मालनवहिनी चहा घेऊन आल्या. सोबत पाण्याचा तांब्याही होता. तांब्या ठेवताना त्या म्हणाल्या, "बोअरचं आहे भावोजी. समुद्र जवळ ना, जरा मचूळ लागतं. आम्हाला सवय झाली." मी घोटभर प्यालो. जरा नव्हतं. चांगलंच खारट होतं. धोंडूदादाच्या घरची पाच माणसं ते पाणी पितात, त्यात डाळ शिजवतात. डाळ शिजायला वेळ लागतो, असं वहिनी म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे. काहीतरी बोलायचं म्हणून.

निघताना दादा मला गाडीपर्यंत सोडायला आला नाही. उठून उभा राहिला फक्त, पाहुण्यासाठी राहतात तसा.

मी विहिरीवर गेलो. पाणी काठोकाठ नसलं तरी भरपूर होतं, आणि गोड. वाटेवर महिनाभरात गवत आलं होतं. मी मोजली होती तेव्हा ती स्वच्छ होती, पावलांनी घासून लाल झालेली. आता मधूनमधून कुठे आहे तेही समजत नव्हतं. वाट दिसावी म्हणून मी ते गवत थोडं उपटलं. मग आपण मालक आहोत आणि मालकाने गवत उपटणं ह्याचाही ग्रुपवर काही अर्थ निघेल, हे लक्षात आलं आणि थांबलो.

कॉलेज सुरू झालंय. माझं पुस्तक सहाशे पानांच्या पुढे गेलंय. वर्गात माझ्याइतकं कोणाचंच झालेलं नाही. त्यात एक कलम आहे. वाटेचा हक्क कोणी हिरावून घ्यावा लागत नाही, वीस वर्षं सलग कोणी चाललं नाही की तो आपोआप संपतो. मी हिशेब करून पाहिला. वीस वर्षांनी धोंडूदादा अठ्ठ्याऐंशीचा असेल आणि मी बहात्तरचा. तोपर्यंत, रोज, दिवसाच्या कुठल्याही वेळी, कळशी घेऊन माझ्या जमिनीतून यायचा त्याला पूर्ण हक्क आहे. जगातलं कुठलंही कोर्ट त्याला अडवू शकत नाही. एवढा एक मुद्दा माझा आता पक्का झाला आहे.